गौतमपुऱ्याला जायचं तर काहीतरी काम काढून जा

इंदूरच्या मराठी घरात सुट्टीचा विषय निघाला की गाडी उज्जैन, महेश्वर आणि मांडूच्या पुढे सरकत नाही. पाहुणे आले की तेच, पाहुणे गेले की आपण घरात. एकदा देपालपूर तहसिलीतल्या गौतमपुऱ्याला जाऊन या. आपल्याच जिल्ह्यातलं, पन्नास-साठ किलोमीटरवरचं गाव. नगर परिषद आहे, धान्याची मंडी आहे, पण चार गल्ल्या ओलांडल्या की सरळ शेतं लागतात. गावाला नाव मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाईंचं. पेशव्यांनी १७३४ मध्ये ज्यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली, त्याच या गौतमाबाई.

तिथे बघण्यासारखं काय, असं विचाराल तर यादी आखूड आहे. म्हणूनच माझा सगळा भर एका गोष्टीवर: काम काढून जा. वर्षाचे गहू घ्यायचेत, लसूण घ्यायचाय, काहीही चालेल. शेतकऱ्यांच्या गावाला गिऱ्हाईक कळतं, पाहुणा कळतो. बघ्या कळत नाही. मोबाईल उंच धरून चौकात उभे राहिलात तर पाच मिनिटांत कुणीतरी येऊन विचारणार, "किनके यहाँ आए हो?" तुम्ही म्हणालात "बस, घूमने", तर तो माणूस मनात तुम्हाला जमिनीचा दलाल ठरवून मोकळा. त्याचंही चुकत नाही. इंदूर चहूबाजूंनी पसरत चाललंय, आणि शेताच्या कडेला उभं राहून लांबवर बघणारे शहरी लोक तिकडे बहुतेकदा त्याच धंद्यातले असतात. "लहसुन देखनी थी" एवढं म्हणालात की चित्र पालटतं. कुणाचा माल वाळलेला आहे, कुणाचा अजून ओला आहे, कोण भावात अडून बसलंय, सगळी माहिती उभ्या उभ्या मिळते.

आधी एक नाव मिळवा

निघण्यापूर्वी आठवडाभर घरी येणाऱ्या दूधवाल्याला, भाजीवाल्याला, सोसायटीच्या चौकीदाराला विचारा: भैया, गाव कोणतं? देपालपूर, गौतमपुरा, बडनगर या पट्ट्यातली माणसं इंदुरात पुष्कळ आहेत. त्यांचा काका, मेहुणा, मावसभाऊ कुणीतरी तिथे शेती करत असतोच. त्याचं नाव आणि फोन घ्या, आदल्या दिवशी फोन करा. "किनके यहाँ"ला उत्तर म्हणून एक नाव असलं की अर्धं काम झालं. नाव नाहीच मिळालं तर मंडीच्या फाटकाजवळच्या चहाच्या टपरीवर बसा आणि चहा संपेपर्यंत घाई करू नका.

महिना कामावर ठरतो

लसूण हवा असेल तर फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत. गव्हाची कापणी मार्चमध्ये. एप्रिलमध्ये मंडीत ट्रॉल्यांची रांग लागते आणि साठवणीचे गहू घ्यायला हीच वेळ. सोयाबीन सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये निघतं. ते घरी आणून आपण काय करणार, पण ज्या पिकावर माळव्याचा खरीप उभा आहे ते एकदा बघावं. केंद्राने सोयाबीन संशोधनाची संस्था १९८७ साली इंदुरातच काढली ती उगाच नाही.

डोळ्यांना सगळ्यात सुख जानेवारीत. गहू गुडघ्याएवढा, हरभरा घाट्यावर, हवेत गारठा. मात्र त्या दिवसांत भर दुपारी बाजेवर झोपलेला शेतकरी दिसला तर त्याला आळशी समजू नका. शेतीची वीज पाळीपाळीने येते. पाळी रात्रीची असली की थंडीत कुडकुडत रात्रभर पाणी द्यावं लागतं.

टाळायचं ते पावसाळ्यात शेतात उतरणं. माळव्याची काळी माती ओली झाली की पावलागणिक चप्पल जड होत जाते आणि शेवटी एक चप्पल शेतातच राहते. एप्रिलच्या शेवटी नरवाई, म्हणजे गव्हाचा उरलेला धसकट, जाळण्याचा प्रकार चालतो. बंदी आहे, दंडही होतो, तरी काही जण जाळतात. दम्याचा त्रास असलेलं कुणी बरोबर असेल तर त्या सुमारास नकोच.

आणि शांतता हवी असेल तर दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी चुकूनही नाही. त्या दिवशी गौतमपुऱ्यात हिंगोट युद्ध होतं. हिंगणबेटाचं फळ आतून कोरून वाळवायचं, त्यात फटाक्याची दारू भरायची, बांबूची काडी बांधायची आणि पेटवून समोरच्या पथकावर सोडायचं. गौतमपुऱ्याचा तुर्रा, शेजारच्या रुणजीची कलगी. आपल्याकडे कलगी-तुऱ्याचे शाहीर सवाल-जवाबांवर भागवतात, इथे खरोखरची आग असते. दरवर्षी माणसं भाजतात, जीवही गेलेला आहे. हजारोंची गर्दी, पोलीस, रुग्णवाहिका. ज्याला बघायचं त्याने बघावं. मुलांना घेऊन मी जाणार नाही.

जायचं कसं

स्वतःची गाडी असेल तर हातोद, देपालपूर करत सकाळी निघा. बसने जाणाऱ्यांनी गंगवाल बसस्थानकावरून देपालपूर गाठावं आणि पुढची बस तिथे बदलावी. उतरताना कंडक्टरला परतीची शेवटची बस किती वाजता ते विचारून घ्या. एक माणूस एक वेळ सांगेल, दुसरा दुसरी. त्यातली लवकरची खरी माना.

आगगाडीही आहे. इंदूर-रतलाम मार्गावर, फतेहाबादच्या पुढे, गौतमपुरा रोड स्थानक लागतं. नावात 'रोड' असलं की समजून जावं: स्थानक आणि गाव यांच्यात अंतर आहे. गाड्या मोजक्या, म्हणून वेळापत्रक दोन्ही बाजूंचं पाहून घ्या. वाटेतलं फतेहाबाद म्हणजे १६५८ च्या धर्मतच्या लढाईचं मैदान. औरंगजेबाने तिथे जसवंतसिंहाचा पराभव केला आणि विजयाचं नाव जागेला चिकटलं. आता खिडकीतून दिसतात ती फक्त शेतं.

मंडीत

लिलाव उजाडता उजाडता होत नाही. आधी ट्रॉल्या रांगेला लागतात, शेतकरी टपाला टेकून बिड्या ओढत बसतात, मग मंडीचा कर्मचारी आणि व्यापाऱ्यांचा घोळका पहिल्या ट्रॉलीपाशी येतो. तिथून पुढे मात्र डोळे उघडे ठेवा. व्यापारी ढिगात कोपरापर्यंत हात खुपसतो, खालचा माल वर काढतो, मुठीतून दाणे सोडतो, एखादा दाणा दाढेखाली फोडतो. तोवर बोली सुरूही झालेली असते. पाच-दहा रुपयांनी चढत जाते, एका जागी अडते, कर्मचारी पर्चीवर भाव लिहून शेतकऱ्याच्या हातात देतो आणि घोळका पुढच्या ट्रॉलीकडे. वर्षाच्या मेहनतीचा भाव ठरायला मिनिटभरही पुरतो. शेतकऱ्याचा चेहरा त्या वेळी बघाच, पण त्याचा फोटो काढू नका.

घोळक्याच्या मागे उभे राहा. पुढे घुसलात तर हम्माल ओरडतील, आणि त्यांचं बरोबर असेल. पोत्याखाली वाकलेल्या माणसाला बाजूचं दिसत नाही. बोली आपल्याला लावता येत नाही, त्याला परवाना लागतो. आपली खरेदी बाहेर, व्यापाऱ्याच्या दुकानी किंवा ओळखीच्या शेतकऱ्याच्या ओट्यावर. मंडीत मात्र आजचा भाव कळतो, आणि तो कानावर घालून बाहेर पडलं की कुणी फसवायला धजत नाही. त्या भावाहून थोडं जास्त द्यावं लागेल, ते रास्तच आहे. शेतकरी तुमच्यासाठी गहू चाळून, निवडून, पोत्यात भरून देतोय.

गहू घेताना पोळीसाठी लोकवन मागा. बाफले, रवा, दलिया करायचा असेल तर कठिया. दाणा दाताखाली कटकन् फुटला पाहिजे. दबला, चिवट लागला तर ओल आहे, घरी नेऊन किडे पाळाल. पोत्यात वरवर बघू नका, व्यापाऱ्यासारखा हात आत घाला. कुणी रागवत नाही, उलट मान मिळतो.

लसणाचं वेगळं. शेतातून काढलेला लसूण पातीसकट पसरून वाळवतात, मग बायका ओट्यावर बसून पात छाटतात. कांदी हातात घेऊन मान दाबा: मऊ लागली तर अजून आठ-दहा दिवस थांबायला हवं होतं. कोरड्या मालाची साल चुरचुर वाजते. ऊटी जातीच्या पाकळ्या मोठ्या, सोलायला सोप्या, बायको खूश. फोडणीला देशीच. वजनात ओलावा पैसे देऊन घेऊ नका.

शेतात पाऊल टाकताना

मालकाला विचारल्याशिवाय बांधावर चढू नका, एवढं पाळलं तर बाकीचं सांभाळून घेतात. तरी दोन गोष्टी जिवाशी संबंधित. शेताभोवती बारीक तार ओढलेली दिसली तर हात लावू नका. इकडे नीलगायींचा, म्हणजे रोजड्यांचा, फार उपद्रव आहे. ते रात्रीत हरभरा साफ करतात. म्हणून तारेत विजेचा झटका सोडणारं झटका मशीन बसवलेलं असतं. दुसरं, हिरवा हरभरा उपटून तोंडात टाकू नका. काल फवारणी झाली असेल तर तुम्हाला दिसणार नाही. मालकाने स्वतः उपटून दिला तर प्रश्नच मिटला. फेब्रुवारीअखेर गेलात आणि नशीब असेल तर शेताच्या कोपऱ्यात गव्हाच्या ओंब्या भाजून देतील. तळहातावर चोळून फुंकर मारायची, कूस उडवायचं आणि गरम खायचं.

गप्पांत भाव, पाऊस, बियाणं, खत असे विषय निघतील. इंदूरशी खताचा एक जुना धागा आहे तो मी हटकून काढतो. अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ मध्ये इंदुरात सुरू केलेल्या संस्थेत शेण, काडीकचरा, राख यांचे थर लावून कंपोस्ट करायची पद्धत बसवली आणि ती जगभर 'इंदूर पद्धत' म्हणून गेली. म्हातारे शेतकरी यावर हसतात. थर लावून कुजवणं त्यांना नवं नाही.

बोलणं

सुरुवात "राम-राम"ने. वयस्कर माणसाला दादा किंवा काका, बाईंना भाभी किंवा बेन. जमीनदाराला 'पटेल साहब' म्हटलेलं आवडतं, आडनाव काहीही असो. माळवी कळली नाही तरी आपली इंदुरी हिंदी चालते, फक्त तोंडातलं 'भिया' जरा कमी करा. गौतमाबाई आमच्या, होळकर आमचे, हे मराठी माणसाला राहवत नाही, मलाही नाही. पण आधी त्यांचं ऐकावं. होळकरांच्या गोष्टी त्यांच्याकडेही आहेत, कधी आपल्याला माहीत नसलेल्या.

घरात बोलावलं तर चहाला नाही म्हणू नका. बाई घुंघट ओढून आतल्या दारापाशी उभ्या असतील. तुमच्याबरोबर बायको, आई, बहीण असेल तर त्यांना सरळ आत बोलावतील आणि खऱ्या गप्पा तिथेच होतील. शक्यतो बायकांना बरोबर न्या. जाताना हातात काही असावं: इंदुरी शेव चालते, मुलांना खाऊ. पैसे देऊ केलेत तर अपमान होतो.

खाणं, पाणी

सकाळी पोहे-जिलबी मिळते. दुपारी जेवणाचं हॉटेल शोधत बसू नका. कचोरी, समोसा, फळं यावर भागवा, किंवा डबा न्या. यजमानाने दाल-बाफल्याचं म्हटलं तर पुढचे तीन तास हिशोबातून काढा. कणकेचे गोळे आधी पाण्यात उकडायचे, मग गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, फोडून तुपात बुडवायचे. आणि खाल्ल्यावर उठवत नाही ते वेगळंच. पाणी आपलं न्या. स्वच्छतागृहासाठी वाटेतला पेट्रोलपंप, तोही जाताना बघून ठेवा.

मुक्कामाचा विचार नको, एका दिवसात होतं. वाटेत देपालपूरजवळ बनेडियाचं मोठं तळं आणि जुनं दिगंबर जैन तीर्थ आहे, तिथे संध्याकाळच्या आत थांबता येईल. गाडीत लसणाचं पोतं असेल तर गाडी जरा लांब लावा.

माल घरी आणताना

खरेदी दुपारी तीनपूर्वी संपवा. काटा तुमच्या डोळ्यांसमोर होऊ द्या, रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायला सांगा. बसने येणार असाल तर पोत्याचं भाडं चढण्याआधीच ठरवा. आणि एक क्विंटल गहू घेताय तर एकाच पोत्यात भरू देऊ नका. पन्नास-पन्नास किलोची दोन करायला सांगा. मंडीत हम्माल आहे. तुमच्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यापर्यंत, तो नसेल.