गाईड चळवळीचा उगम मुलींना कसा सांगावा

गाईड, म्हणजे स्काऊटसारखीच मुलींची संघटना, २२ फेब्रुवारीला चिंतन दिन पाळते. तो जवळ आला की चळवळीचा इतिहास सांगण्याचे काम पथकाच्या प्रमुख असलेल्या गाईड कॅप्टनकडे येते, आणि बहुधा तो स्काऊट चळवळीचे संस्थापक लॉर्ड बेडन-पॉवेल यांच्या जन्मतारखेपासून सुरू होऊन सनावळीतच संपतो. मीही पहिली काही वर्षे तसेच सांगत असे; तिसरा सन येईपर्यंत मागच्या रांगेतील मुली स्कार्फची टोके बोटांना गुंडाळत बसलेल्या असत. ही गोष्ट मुळात न बोलावता आलेल्या मुलींची आहे, म्हणून तिची सुरुवात त्यांच्यापासूनच करावी.

त्यासाठी आदल्या दिवशी, पथकाची ज्या वर्गाशी ओळख नाही अशा वर्गाच्या हजेरीपटावरून मुलामुलींची वीस नावे घ्यावीत आणि 'स. वि. जाधव', 'र. म. शेख' अशी केवळ आद्याक्षरे व आडनाव चिठ्ठ्यांवर उतरवावीत. सभेत विषय न सांगता या चिठ्ठ्या संघनायिकांच्या, म्हणजे पथकातील छोट्या गटांच्या प्रमुख मुलींच्या, हाती देऊन मुलींची नावे वेगळी काढण्यास सांगावे. थोडा वाद होईल, तो होऊ द्यावा. मग सांगावे की १९०८ साली बेडन-पॉवेल यांचे स्काउटिंगवरील पुस्तक भागाभागांनी निघाले ते मुलांसाठी. पण घरात आलेले भाग बहिणींनीही वाचले आणि त्यांतील अनेकींनी अशीच नुसती आद्याक्षरे लिहून स्काऊट म्हणून नावे नोंदवली.

यानंतर प्रसंग उभा करावा. ४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये सुमारे ११,००० स्काऊट मुलांचा मेळावा भरला होता आणि त्यात स्वतःच जमवलेला गणवेश घालून काही मुली येऊन दाखल झाल्या. हा प्रसंग करून दाखविताना पथकातील बहुतेक मुलींना मेळाव्यातील मुलगे करावे आणि चौघी-पाच जणींनाच दारातून आत आणावे. इतक्या मुलग्यांसमोर त्या मूठभर मुलींना काय वाटले असेल, हे मग वेगळे सांगावे लागत नाही. संवाद पाठ करून घेऊ नयेत. 'तुम्ही कोण?' या प्रश्नाला मुली आपल्या शब्दांत जे उत्तर देतील ते पुरेसे असते.

पुढचा भाग मात्र सावकाश सांगावा, कारण आम्हांलाही स्काऊट होऊ द्या ही मुलींची मागणी मान्य झाली तरी ती मुलींना हवी तशी झाली नाही. मुलींसाठी स्वतंत्र संघटना १९१० साली निघाली आणि तिची सूत्रे बेडन-पॉवेल यांच्या भगिनी ॲग्नेस यांच्याकडे आली. मधमाश्या पाळणाऱ्या आणि बलूनमधून आकाशात गेलेल्या या बाईंविषयी दोन वाक्ये जास्त बोलण्यास हरकत नाही. 'स्काऊट' हे नाव मुलींना मिळाले नाही. त्याऐवजी हिंदुस्थानच्या वायव्य सरहद्दीवरील 'गाईड्स' या पलटणीवरून 'गाईड' हे नाव आले, आणि संघांना प्राण्यांची नावे होती ती जाऊन फुलांची आली. आपल्या गुलाब किंवा मोगरा संघातील मुलींना येथे थांबवून, तुम्हांला वाघीण हे नाव चालले असते का, असे अवश्य विचारावे. १९१२ सालच्या पहिल्या हस्तपुस्तिकेच्या शीर्षकातच मुलींनी साम्राज्याच्या उभारणीला हातभार लावण्याची भाषा होती, हेही मोठ्या मुलींपासून लपवू नये.

भारताचा भाग नकाशावर दाखवावा. पहिले पथक १९११ साली जबलपूरला निघाले, पण आरंभी या कामात भारतीय मुलींना प्रवेश नव्हता. तेव्हा दाराबाहेर कोण उरले, हा प्रश्न मुली बहुतेक वेळा स्वतःच विचारतात. १९२६ साली अमेरिकेतील जागतिक परिषदेत चिंतन दिन ठरला आणि त्यासाठी बेडन-पॉवेल व त्यांच्या पत्नी ओलेव्ह या दोघांचीही जन्मतारीख असलेला दिवस निवडला गेला, एवढे येथे एका वाक्यात सांगावे.

नकाशावरची शेवटची खूण पुण्यावर करावी. गाईड चळवळीचे 'संगम' हे जागतिक केंद्र तेथे असून १९६६ साली त्याचे उद्घाटन स्वतः ओलेव्ह बेडन-पॉवेल यांनी केले. पथक पुण्याच्या आसपासचे असेल तर आधी पत्र पाठवून भेटीची परवानगी मागावी, आणि ते पत्र कॅप्टनने न लिहिता संघनायिकांकडून, या वेळी पूर्ण नावांनिशी, लिहून घ्यावे.