तारकर्लीला स्कूबासाठी जाण्याआधी पुण्याच्या जलतरण तलावात करायचा सराव

स्कूबा, म्हणजे हवेची टाकी लावून पाण्याखाली पोहणं, शिकताना बहुतेकांची गाडी एकाच ठिकाणी अडते. मास्कमध्ये पाणी शिरलं की नाकातून श्वास ओढला जातो, ठसका लागतो आणि माणूस घाबरून वर पळतो. ही सवय इथेच, छातीएवढ्या पाण्यात मोडता येते.

१. मास्क न लावता फक्त स्नॉर्केल (पाण्यावरची हवा घ्यायची नळी) तोंडात धरा. चेहरा पाण्यात, नाक उघडं. तोंडानेच श्वास घ्या आणि सोडा. सुरुवातीला नाकात झिणझिण्या येतात, पण घाई करू नका; मिनिटभर शांतपणे जमेपर्यंत पुढे जायचं नाही. खरी मेख इथेच आहे.
२. मग मास्क लावून त्यात थोडं पाणी घ्या. वरची कड कपाळावर दाबा, नजर वर करा, नाकातून सावकाश हवा सोडा. पाणी खालून निघून जातं.

पोहायचा साधा गॉगल चालणार नाही, नाक झाकणारा मास्कच हवा. तलावावर जीवरक्षकाला आधी विचारा, सोबत कुणीतरी ठेवा.

आणि पुढे टाकी लावल्यावर श्वास कधीही रोखायचा नाही. वर येताना तर मुळीच नाही, फुप्फुसाला गंभीर इजा होऊ शकते.