या चुका टाळा : खाकी, सिंहमुद्रा आणि गाडीवरचा ‘पोलीस’

आमच्या गावच्या यात्रेत नाटक होतं. फौजदाराचं काम करणारा मित्र पहिल्या अंकानंतर चहाला स्टँडवर गेला तो तसाच, दोन स्टार, पट्टा, टोपी सगळं अंगावर. त्याला बघून एका वडापवाल्यानं (शेअर जीपवाल्यानं) न सांगताच मागं लोंबकळणारे तिघे उतरवले. मित्राला मजा वाटली, त्यानं हातानंच ‘हं, जा’ केलं. शेजारच्या टपरीवर खरा हवालदार चहा पीत उभा होता. “नाटकातला हाय ओ साहेब मी” म्हणून सुटका झाली, पण दुसरा अंक अर्धा तास लांबला.

त्या वडापवाल्याला जे वाटलं, कायदा नेमकं तेच बघतो. भारतीय न्याय संहितेचं कलम २०५ सांगतं की बघणाऱ्याला आपण सरकारी नोकर वाटावं या हेतूनं, किंवा तसं वाटेल हे ठाऊक असताना, तो वेश किंवा खूण वापरली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पैसे उकळलेच पाहिजेत असं नाही. १ जुलै २०२४ पूर्वी, जुन्या दंडसंहितेत, हाच दंड २०० रुपये होता. आणि अधिकारी असल्याचं भासवून त्या रुबाबात काही केलं, नुसती गाडी अडवली तरी, कलम २०४ लागू शकतं. तिथं किमान सहा महिने, जास्तीत जास्त तीन वर्षं.

म्हणजे रंगमंचावरची वर्दी हा प्रश्नच नाही. प्रश्न रंगपटाच्या बाहेर सुरू होतो. काम झालं की ड्रेस पिशवीत. रस्त्यावर रील किंवा शॉर्टफिल्म करणार असाल तर आधी ठाण्याला कळवा, आणि खऱ्या ठाण्याचं किंवा अधिकाऱ्याचं नाव पाटीवर घेऊ नका.

आपल्याकडं, कर्नाटकातल्या मराठी सीमाभागात, आणखी एक गैरसमज आहे. ड्रेस कोल्हापूरहून भाड्यानं येतो, खांद्यावर ‘मपो’ (महाराष्ट्र पोलीस) असतं, म्हणून “हे महाराष्ट्राचं, इथं चालतं” असं पोरं म्हणतात. संहिता दोन्ही राज्यांत एकच आहे. खांद्यावरची अक्षरं खानापूरच्या बाजारात कोण वाचत बसतंय? २०२५ मध्ये कर्नाटकातल्या शिपायांची जुनी हॅट जाऊन निळी पीक कॅप आली. जुनी हॅट कुणाकडून मिळाली म्हणून ती घालून गाडीवर फिरणंही तसंच. भरतीची तयारी करणाऱ्यांनी तर जास्त सांभाळावं. निवड व्हायच्या आधी शिवून घेतलेल्या वर्दीतला फोटो गुन्हा ठरो न ठरो, चारित्र्य पडताळणीच्या वेळी तो कुणी पुढं केला तर काय सांगणार?

खाकी रंग मात्र कुणाच्या मालकीचा नाही. रिक्षावाले खाकी घालतातच. अडचण बिल्ला, स्टार, पट्टा आणि टोपी एकत्र आली की होते.

सोसायटीच्या वॉचमनला ‘जरा दरारा वाटावा’ म्हणून पोलिसासारखा ड्रेस देणाऱ्यांनी २००५ चा खासगी सुरक्षा संस्थांचा कायदा बघावा. पोलीस किंवा लष्करासारखा गणवेश घातला तर गार्ड आणि एजन्सीचा मालक, दोघांनाही एक वर्षापर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. गरीब गार्डला हे कुणी सांगितलेलंच नसतं. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र असल्यानं लष्करी कपड्यांची हौसही फार. त्यासाठी न्याय संहितेत वेगळं कलम आहे, १६८.

गाडीवर ‘पोलीस’ लिहिणं. भाऊ पोलिसात आहे, गाडी माझी आहे. मग स्टिकर कशाला? नंबरप्लेटवर नोंदणी क्रमांकाशिवाय पद, खातं, चिन्ह काहीच चालत नाही. लाल दिवा तर १ मे २०१७ पासून मंत्र्यांच्याही गाडीवरून गेला.

गणेशोत्सव आणि शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत कार्यकर्ते लागतात, टी-शर्टही लागतात. पाठीवर ‘स्वयंसेवक’ आणि मंडळाचं नाव लिहा. ‘पोलीस मित्र’ लिहायचं असेल तर आधी ठाण्याला विचारा. सीमेपलीकडच्या एखाद्या संस्थेनं पैसे घेऊन दिलेलं, सिंहमुद्रा (अशोकस्तंभाचं राजचिन्ह) छापलेलं ओळखपत्र कोगनोळी टोलनाक्यावर दाखवून काही मिळत नाही, आणि शिनोळीपलीकडं महाराष्ट्रातही मिळत नाही.

सिंहमुद्रेबाबत सगळ्यात जास्त चुका होतात, त्याही चांगल्या घरांत. राजचिन्हाच्या गैरवापराविरुद्ध २००५ चाच वेगळा कायदा आहे, त्यानुसार अनधिकृत वापराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. माजी आमदार, निवृत्त अधिकारी यांनाही ती वापरता येत नाही, हे नियमांत स्पष्ट आहे. लग्नपत्रिकेवर ‘निवृत्त फौजदार’ खुशाल लिहा, सिंह नको. छापून झाल्या असतील तर वाटू नका. छापखानेवाल्यांनीही ‘गिऱ्हाईकानं सांगितलं’ म्हणू नये.

या सगळ्याची दुसरी बाजू म्हणजे आपल्याला फसवायला येणारा खोटा पोलीस. “पुढं लुटालूट चाललीय आजी, दागिने काढून पुडीत बांधा” असं म्हणणारा माणूस पोलीस नाही. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला सांगत नाही. व्हिडिओ कॉलवर वर्दीत बसून ‘डिजिटल अरेस्ट’ करणाराही नाही, कारण कायद्यात तसली अटकच नाही. अटक करणाऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर नाव स्पष्ट दिसलं पाहिजे, हे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३६ मध्ये आहे. म्हणून नाव वाचा, ठाणं विचारा, ११२ ला फोन करून खात्री करा. ऑनलाइन पैसे गेले असतील तर लगेच १९३०, ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन.

आणि हद्दीवरून अडवलं तर परत फिरू नका. घटना निपाणीच्या बाजूला घडली आणि तुम्ही कागलात असलात तरी गंभीर गुन्ह्याची माहिती तिथल्या ठाण्याला घ्यावी लागते. झिरो एफआयआर म्हणतात त्याला. नागरिक सुरक्षा संहितेचंच कलम १७३.