चिकणमातीवर बाग करताय? निदान या चुका टाळा

मे महिना लागला की आमच्या मुलुंडात ओळखीपाळखीचे लोक एकच प्रश्न घेऊन येतात. "सोसायटीच्या मागची माती फार चिकट आहे हो, वाळूच्या किती गोण्या टाकू?"

एकही नको. मी टाकून बसलेय.

आमच्या इमारतीमागे, खाडीच्या अंगाला, २० बाय १० फुटांचा पट्टा आहे. वर थोडी भरणी आणि वीतभर खाली राखाडी, साबणासारखी चिकणमाती. वाळूने माती भुसभुशीत होते, असं एका कंत्राटदाराने छातीठोकपणे सांगितलं. मीही १२ गोण्या क्रश सँड आणवली, दोन माणसं लावून कुदळीने मिसळून घेतली, पाणी मारलं आणि जास्वंदीच्या सहा रोपांसाठी आळी करून ठेवली. मे संपता संपता तिथे पहार मारली तर ठणकन आवाज! जूनमध्ये हट्टाने जास्वंदी लावल्याच. जुलैत वर चार बोटं पाणी साचलं आणि सहाही मुळांपासून कुजल्या. पुढच्या उन्हाळ्यात ते सगळं टिकावाने फोडून काढायला लागलं, त्याची मजुरी वेगळी.

कारण साधं आहे. चिकणमातीचा कण ०.००२ मिलिमीटरहूनही बारीक असतो. वाळूच्या दोन कणांमधली फट तो भरून टाकतो आणि हवेला जागाच उरत नाही. वाळूचा गुण दिसायचा तर निम्म्याहून जास्त वाळूच हवी. म्हणजे माझ्या पट्ट्यात फूटभर खोलीपर्यंत २०० घनफूट माती, त्यातली निम्मी काढून फेकायची आणि तिच्या जागी एक ब्रास, म्हणजे १०० घनफूट, वाळू भरायची. माझ्या १२ गोण्यांत १५ घनफूटही वाळू नसेल.

आता तोच एक ब्रास पाल्याच्या खताचा धरा. त्याच पट्ट्यावर सहा इंचांचा थर बसतो आणि पाला फुकट मिळतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बदाम, पर्जन्यवृक्ष, सोनमोहर इतका पाला टाकतात की झाडूवाल्या मावशी वैतागतात. तो जाळायचा नाही, कचऱ्याच्या गाडीतही घालायचा नाही. जाळीच्या गोल पिंजऱ्यात तीनेक फूट उंच रचायचा, शेणाचा काला शिंपडायचा, ओल सांभाळायची आणि महिन्यातून एकदा खालचं वर करायचं. पर्जन्यवृक्षाची बारीक पानं लवकर कुजतात. आंबा, फणस, बदाम चुरून घातले नाहीत तर ओले झाल्यावर पापडासारखे एकमेकांना चिकटतात आणि आतला पाला कोरडा ठणठणीत राहतो.

आणि घाई नको! यंदाचा पाला माझ्याकडे पुढच्या वर्षी मातीवर जातो. "४० दिवसांत खत" वगैरे पुड्या विकत घेणाऱ्यांशी मी वाद घालत नाही. बदामाचं पान बदामाचं म्हणून ओळखू येतंय तोवर ते खत नाही, एवढंच म्हणते. असा अर्धाकच्चा पाला मातीत खणून मिसळलात तर तो कुजवणारे जिवाणू मातीतलाच नत्र वापरतात आणि रोपं पिवळी पडतात. मग लोक युरिया ओततात!

दुसरी चूक वाळूइतकीच लाडकी. चिकणमातीत दोन फुटी खड्डा घ्यायचा, त्यात छान काळं खत भरायचं आणि रोप लावायचं. दिसायला फार शास्त्रशुद्ध. प्रत्यक्षात तो खड्डा नसतो, हौद असतो. पाणी भुसभुशीत खतातून झरझर उतरतं, चिकणमातीच्या तळाशी अडतं आणि रोप पावसाळाभर पाण्यात पाय बुडवून उभं. शेजारच्या विंगमधल्या काकांचं पारिजातक असंच गेलं. ते अजून नर्सरीवाल्याला दोष देतात.

म्हणून माझी सवय अशी: खणायचं नाही, वर चढवायचं. मेच्या शेवटच्या आठवड्यात कडेने विटांची एक ओळ, आत सहा इंच मुरलेलं पाल्याचं खत, वर नारळाच्या झावळ्या. झावळ्या विसरलात तर पहिल्याच धुवांधार सरीत खत गटारात जाईल. बाकीचं काम गांडुळं करतात. दिवाळीपर्यंत तो थर दोन-तीन इंचांवर येतो. खत कुठे गेलं म्हणून घाबरू नका, खालीच गेलंय. पुढच्या मेमध्ये पुन्हा सहा इंच. माझ्या पट्ट्यात खुरपं सहज शिरायला तीन पावसाळे लागले.

आणखी किरकोळ. ओल्या चिकणमातीत कुदळ घालू नका. मूठभर माती घेऊन चकलीसारखी वळून बघा, वळली तर घरी जा. वाफ्यात पाय ठेवू नका, फळी टाका. झाडाच्या बुंध्याला खत टेकवू नका, साल कुजते. कुणी सांगितलं म्हणून जिप्सम आणू नका. ते सोडियम साठलेल्या जमिनीसाठी आहे, आधी माती तपासून घ्या.

पहिल्या पावसाळ्यात त्या थरात अळू आणि कर्दळ लावा, दोघांनाही ओल चालते. गुलाबाचं तिसऱ्या वर्षी विचारा.