मुलांवर संस्कार करताय? आधी या चुका टाळा

पाळणाघर चालवणाऱ्या बाईला आईबाप दिवसातून दोनदा दिसतात. सकाळी लोकल गाठायच्या घाईत आणि संध्याकाळी लोकलमधून पिळून निघाल्यावर. डोंबिवलीत ही वर्षानुवर्षांची रीत आहे. मुलांना चांगलं वळण कसं लावावं हे विचारायला पालक रविवारी सवडीने फोन करतात; पण मूल वळण उचलतं ते या दोन घाईच्या वेळांत. माझ्याकडचे पालक वाईट नाहीत. शिकलेले आहेत, पोरांसाठी जीव टाकतात. तरी त्याच त्या चुका बघून आता वैताग आलाय, म्हणून लिहितेय. ज्या चुकीचा राग जास्त ती आधी.

‘काकूंना सांगू नकोस हं’

चार वर्षांची एक मुलगी. सकाळी आठला बाबा सोडून गेले. ‘रात्री जरा कणकण होती, आता ठणठणीत आहे.’ साडेदहाला सगळी पोरं खाऊ खायला बसली तर ही कोपऱ्यात गादीवर. हात लावला तर चटका. थर्मामीटर १०२ दाखवतोय. आता तापाचं औषध द्यायचं तर सकाळी काही दिलंय का, किती वाजता दिलंय, हे कळायला हवं. पॅरासिटामॉलच्या दोन डोसांमध्ये निदान चार तासांचं अंतर लागतं, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस द्यायचे नसतात. बाबांचा फोन बंद, मीटिंगमध्ये. आई उचलेना. मी मुलीला विचारलं, ‘बाळा, सकाळी औषध घेतलंस का गं?’ तिने ओठ घट्ट मिटले. परत विचारलं, तर डोळ्यांत पाणी, पण उत्तर नाही.

तासाभराने आईचा फोन लागला. औषध साडेसातला दिलं होतं. म्हणजे मी साडेदहाला अंदाजाने दिलं असतं तर तीनच तासांत दुसरा डोस पोटात गेला असता. तोवर कोमट पाण्याने अंग पुसत बसले होते. ताप उतरल्यावर पोरगी हळूच म्हणाली, ‘बाबा म्हणाले, काकूंना सांगायचं नाही.’

पुढे महिनाभराने तेच बाबा दारात उभे. ‘काकू, ही हल्ली फार लपवते हो. शाळेतली पाण्याची बाटली हरवली, चार दिवस बोलली नाही. तुमचं ऐकते, जरा समजवा.’

काय समजवू? तिने शिकवलेलंच केलं होतं.

सुट्टी मिळत नाही, साहेब ऐकत नाही, हे मला समजतं. ‘औषध दिलंय, साडेसातला दिलंय, आज जरा बघा’ एवढं सांगितलंत तर मी मुलाला वेगळं झोपवते, डॉक्टर गल्लीच्या तोंडाशीच आहेत. पण आपली अडचण झाकायला पोराला सामील करून घेऊ नका. एसटीत पाच वर्षांच्या आतल्या मुलाला तिकीट नाही आणि पाच ते बारा अर्धं तिकीट. सहावा वाढदिवस फुगे लावून साजरा झालेल्या पोराला ‘कंडक्टरकाकांनी विचारलं तर साडेचार सांग’ असं पढवताना वाचतात ते पैसे किती? दारावर वर्गणीवाले आले की ‘सांग, बाबा घरी नाहीत’. आजीने फोनवर विचारलं की ‘सांग, जेवतोय’, आणि पोरगं समोर टीव्ही बघतंय.

अमेरिकेत सॅन डिएगोच्या विद्यापीठात यावर एक प्रयोग झाला होता, २०१४ साली छापून आला. मुलांना ‘शेजारच्या खोलीत गोळ्यांचा मोठा वाडगा आहे’ अशी थाप मारून खेळायला नेलं, आणि ती थाप होती हे मग त्यांना सांगूनही टाकलं. पुढच्या खेळात ‘मागे वळून बघू नकोस’ असं बजावून मोठं माणूस बाहेर गेलं. ज्यांना थाप मारली गेली होती त्यातली पाच ते सात वर्षांची मुलं जास्त प्रमाणात वळून बघत होती आणि बघितलं नाही असं खोटंही सांगत होती. तीन-चार वर्षांच्यांत फरक दिसला नाही. म्हणजे लहान आहे तोवर खपतं, आणि खपतंय म्हणून घरात सवय लागते. शाळेत जाऊ लागलं की पोर ते तुमच्यावरच उलटवतं.

यात एक जास्त गंभीर गोष्ट आहे. ‘मोठ्यांनी सांगितलं की गुपित ठेवायचं’ हे ज्या मुलाच्या अंगवळणी पडलंय, ते उद्या एखाद्या नको त्या माणसाने ‘आईला सांगू नकोस’ म्हटलं तरी गप्प बसेल. चांगला स्पर्श-वाईट स्पर्श शाळेत शिकवतात, ठीक आहे. पण घरात रोज उलट शिकवणी चालू असेल तर शाळेच्या त्या एका तासाचा काय उपयोग? माझ्याकडे नियम सोपा आहे. गंमत चालते, गुपित चालत नाही. आजीच्या वाढदिवसाचा केक ही गंमत, ती रविवारी सगळ्यांना कळणारच असते. जे कधीच कुणाला सांगायचं नाही असं कुणी म्हणेल, ते त्याच दिवशी आईला, बाबांना किंवा काकूंना सांगायचं.

‘आधी सॉरी म्हण!’

संध्याकाळी साडेसातची वेळ. एकाने दुसरीला ढकललं. दोन्ही आया दारात. ढकलणाऱ्याची आई लगेच त्याचा दंड धरून, ‘सॉरी म्हण तिला. म्हण आधी! नाही म्हटलंस तर घरी नेणार नाही, इथेच राहा काकूंकडे.’ पोर हुंदके देत ‘सॉरी’ पुटपुटतं. आई सुटते. जिला लागलं ती मुलगी मात्र अजून गुडघा धरून बसलेली आहे, तिच्याकडे कुणी बघितलेलंच नाही.

हे सॉरी कुणासाठी होतं? समोरच्या आईसाठी. आपण वाईट आईबाप नाही, हे तिला दिसावं म्हणून.

याचा शेवट कुठे होतो तेही सांगते. साडेतीन वर्षांचा एक गोंडस पोरगा होता माझ्याकडे. केस ओढायचा, सॉरी म्हणायचा, परत ओढायचा. सॉरी म्हटलं की प्रकरण मिटतं, हे त्याला पक्कं ठाऊक झालं होतं. एके दिवशी दोन मुलींनी ठोकळ्यांचा त्यांच्या कमरेएवढा मनोरा रचला. हा लांबून आला, समोर उभा राहिला, गोड हसून ‘सॉरी हं’ म्हणाला आणि मग लाथ मारली. पैसे आधी भरले, माल नंतर उचलला. मला हसूही आलं आणि त्याच्या घरच्यांचा रागही.

माझ्या घरात कुणाला सॉरी म्हणायला लावत नाही. आधी ज्याला लागलं त्याच्याजवळ जायचं, मारणाऱ्यालाही सोबत न्यायचं. ‘बघ, हात लाल झालाय तिचा. काय आणायचं?’ ओला रुमाल त्याने आणायचा. मनोरा पाडला तर रचायला बसायचं, तिने नको म्हटलं तर ठोकळे गोळा करून द्यायचे आणि बाजूला व्हायचं. भाषण नाही. त्या पोराने त्या दिवशी ठोकळे गोळा केले, तोंड फुगवून केले, अर्धे पलंगाखाली सरकवले. चालेल. मला त्याचा पश्चात्ताप नको होता, ठोकळे हवे होते. पश्चात्ताप त्याच्या सवडीने येतो, आणि तो आला की न सांगता खाऊतलं बिस्किट शेजारच्या ताटलीत जातं.

याला पंधरा-वीस मिनिटं लागतात. पालकांकडे ती नसतात, हे खरं दुखणं. ज्यांना दोन मिनिटांत शहाणं पोर हवंय त्यांनी सॉरीचा जप करावा.

बालवाडीच्या कोर्सला असताना जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचे कप शिकलो होतो. त्याने १९३२ साली प्रसिद्ध केलेलं काम. मुलांना तो दोन गोष्टी सांगायचा. एका मुलाने दार उघडलं, दारामागे ट्रे होता हे त्याला ठाऊक नव्हतं, पंधरा कप फुटले. दुसरा आई नसताना मुरांबा चोरायला वर चढला आणि एक कप फुटला. जास्त वांड कोण? लहानगी म्हणायची, पंधरावाला. लहान मुलं नुकसान मोजतात. हेतू बघायला ती हळूहळू शिकतात. पण घरातली मोठी माणसं काय करतात? पोराच्या हातून मोबाइल निसटला आणि काच तडकली तर इमारत हादरेल एवढा आरडाओरडा, आणि बहिणीला मुद्दाम चिमटा काढला तर ‘ए, नको रे त्रास देऊ’. मग हेतू बघायला ते शिकणार कुणाकडून?

खरं बोललास, हे घे चॉकलेट

फ्रिजवर चांदण्यांचा तक्ता लावलेली घरं आता बरीच झाली आहेत. मदत केली, एक चांदणी. दहा चांदण्यांना खेळणं. पहिला आठवडा झकास जातो. मग पोरगं ताट उचलायच्या आधी विचारतं, ‘याची चांदणी आहे का?’ १९७३ साली कॅलिफोर्नियात बालवाडीच्या मुलांवर झालेला प्रयोग बराच गाजला. ज्या मुलांना चित्रं काढायला मुळातच आवडायचं त्यांना आधीच बक्षिसाचं कबूल करून चित्रं काढायला लावली. पुढे मोकळ्या वेळात त्याच मुलांनी इतरांपेक्षा कमी चित्रं काढली. आपल्याकडे गुजरातचे बालशिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेका भावनगरच्या बालमंदिरात बक्षीस आणि शिक्षा दोन्हींच्या विरोधात होते. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. इतकी जुनी गोष्ट आहे ही. पण तक्ता ऑनलाइन मिळतो आणि तीनशे रुपयांत पालकपणाचं समाधान देतो, त्यामुळे चालू आहे.

मी फक्त आभार मानते. ‘चटया गोळा केल्यास, माझी कंबर वाचली.’ एवढंच.

गोष्ट झाली, आता तात्पर्य सांग

गोष्ट सांगून संपली की लगेच पोराची तोंडी परीक्षा घेऊ नका. आणि गोष्ट निवडताना थोडं डोकं लावा. खोटं बोलू नये म्हणून घरोघरी ‘लांडगा आला रे आला’ सांगतात. कॅनडात काही संशोधकांनी हे तपासलं, २०१४ मध्येच. लांडग्याची गोष्ट आणि नाक वाढणाऱ्या लाकडी बाहुल्याची गोष्ट ऐकून मुलांचं खोटं बोलणं कमी झालं नाही. कमी झालं ते अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याच्या लहानपणच्या चेरीच्या झाडाच्या गोष्टीने, कारण तिथे पोरगं झाडावर कुऱ्हाड चालवल्याचं कबूल करतं आणि बाप खूश होतो. खोटं बोललं तर काय होईल यापेक्षा खरं बोललं तर काय होईल हे मुलांना कळायला हवं होतं. (ती वॉशिंग्टनची गोष्ट स्वतःच बनावट आहे, एका चरित्रकाराने रचलेली, हे पोरांना एवढ्यात सांगू नका.)

बाकीच्या चुका भराभर सांगते, त्यांच्यावर वेळ घालवण्याएवढा माझा संयम उरलेला नाही.

बागुलबुवा, पोलीस, सुई टोचणारे डॉक्टर आणि ‘बाप्पा कान कापेल’ ही सगळी मंडळी घरातून हाकला. देवाची भीती घातलेलं पोर देवघरासमोर शहाणं असतं, जिन्यात नाही.

पाहुणे आले की ‘म्हणून दाखव शुभंकरोति’. पोराला म्हणू दे की त्याच्या वेळेला, आजीशेजारी बसून.

‘तू मोठा ना, दे तिला.’ मोठा म्हणजे चारच वर्षांचा. त्याचं खेळणं त्याचा खेळ झाल्यावर मिळेल, तोवर तिला रडू द्या. खाऊचं भांडण असेल तर एकाने तुकडे करायचे, दुसऱ्याने आधी उचलायचं. इतके समान तुकडे मोजपट्टीनेही होत नाहीत.

भांडी घासायला येणाऱ्या मावशींना वेगळा कप असेल, तर समतेवरचं सुंदर पुस्तक आणायच्या भानगडीत पडू नका. आधी कप बदला.

मे महिन्यातलं संस्कार शिबिर. ‘दहा दिवसांत फरक दिसेल ना?’ असं मला विचारणाऱ्या पालकांना मी सांगते, दिसेल, पोराला चार नवीन श्लोक येतील.

सगळं करूनही मूल खोटं बोलतंय, तर?

तीन-चार वर्षांचं मूल खोटं बोलायला लागतंच. आपल्या मनात आहे ते आईला आपोआप दिसत नाही, हे त्याला त्या वयात उमगलेलं असतं, आणि ते ती नवी युक्ती वापरून बघतं. घाबरून जाऊ नका आणि ‘कुणाच्या वळणावर गेलाय’ म्हणून सासर-माहेरचा पाढाही काढू नका.

मी आधी एकच गोष्ट तपासते: पालक उलटतपासणी घेतात का. दूध सांडलेलं दिसतंय, खोलीत एकच पोर आहे, त्याच्या ओठांवर दुधाची मिशी आहे, आणि तरी विचारायचं, ‘कुणी सांडलं?’ उत्तर तुम्हाला माहीत आहे. हा प्रश्न म्हणजे खोटं बोलायचं निमंत्रण. ते ‘मी नाही’ म्हणतं, मग सांडल्याबद्दल एक ओरडा आणि खोटं बोलल्याबद्दल दुसरा. आणि कधी चुकून ‘मी’ म्हटलं तर? तरी ओरडाच. मग खरं बोलून त्याला मिळालं काय?

त्यापेक्षा, ‘दूध सांडलंय. फडकं आण.’ माझ्याकडे पोरांचं फडकं मोरीच्या दाराला खालच्या खिळ्यावर असतं, त्यांचा हात पोहोचेल असं. अडीच वर्षांचंही आणतं. पुसताना आणखी पसरवतं, आपल्याला मागून परत पुसावं लागतं. मधेच कधीतरी ते न विचारता सांगून टाकतं, ‘माझा धक्का लागला.’ तेव्हा ‘बरं’ म्हणा आणि फडकं पिळायला द्या.