आयटीआयचं सर्टिफिकेट घेऊन बेळगावात शिकायला येताय?

महाराष्ट्राच्या हद्दीवरच्या शिनोळीहून कर्नाटकातल्या बेळगावात यायला गाडीला अर्धा तास लागतो, पण तेवढ्यात शिक्षणातले सगळे शब्द बदलतात. गुणपत्रकाचं मार्क्स कार्ड होतं, दहावीची एसएसएलसी होते, अकरावी-बारावीची पीयूसी होते. शब्दांची सवय आठवड्यात होते. खरी अडचण येते ती तुमच्याजवळ थोडं शाळेचं आणि थोडं ट्रेडचं शिक्षण असेल तेव्हा.

मी चंदगड तालुक्यातून २००९ साली आलो. दहावी झालेली, दोन वर्षांचा फिटरचा ट्रेड झालेला, आणि उद्यमबाग या बेळगावच्या कारखान्यांच्या भागातल्या एका वर्कशॉपात नोकरी. पुढे शिकायचं म्हणून एका कॉलेजात चौकशी केली. खिडकीवरच्या माणसाने सर्टिफिकेट न उघडताच सांगितलं, "पीयूसी नाही ना? मग अकरावीपासून सुरू करा." मी घाबरून अकरावीला नाव घातलं. ते वर्ष फुकट गेलं, त्याची हळहळ अजून वाटते. म्हणून सगळ्यात आधी हेच सांगतो: ट्रेडचं सर्टिफिकेट बाजूला ठेवून पुन्हा पहिल्या पायरीवर जाऊन बसू नका.

इंजिनिअरिंग करायचं असेल तर दोन वर्षांच्या आयटीआयवर डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला लॅटरल एंट्री, म्हणजे पहिलं वर्ष गाळून थेट प्रवेश, मिळते, आणि डिप्लोमा झाला की बीईच्या दुसऱ्या वर्षाला. हिशोब मांडून बघा. दहावीनंतर आयटीआयची दोन, डिप्लोमाची दोन आणि बीईची तीन, अशी सात वर्षं होतात. पीयूसीवरून जाणाऱ्याला सहा लागतात. फरक एका वर्षाचा, आणि तुमच्या हातात मधल्या काळात पोट भरणारं काम असतं. डिप्लोमावाल्यांसाठी डीसीईटी ही बीईची प्रवेश परीक्षा केईए, म्हणजे कर्नाटकाचं परीक्षा प्राधिकरण, घेते. तिच्या माहितीपुस्तिकेतलं पात्रतेचं पान अर्ज भरण्याआधी वाचा, नंतर नको.

किमान कौशल्याची, म्हणजे महाराष्ट्रातली व्यवसाय शाखेची (एमसीव्हीसी) बारावी केलेल्यांची गत वेगळी. ती बोर्डाचीच बारावी आहे, त्यामुळे बीए, बीकॉमला ती चालते. पण केसीईटी या कर्नाटकाच्या बारावीनंतरच्या प्रवेश परीक्षेतून थेट बीईला जायचं तर फिजिक्स आणि मॅथ्स हवेतच, शिवाय केमिस्ट्री, बायॉलॉजी, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर यांसारखा एक विषय. गुण ४५ टक्के, राखीव गटांना ४०. हे विषय नसतील तर बीईच्या फॉर्मवर पैसे घालवू नका, डिप्लोमाची वाट धरा.

नुसता आयटीआय आहे आणि बीए किंवा बीकॉम करायचंय, त्यांना एनआयओएस, म्हणजे केंद्र सरकारचं मुक्त शाळेचं बोर्ड, हा आधार आहे. दहावीनंतरचा दोन वर्षांचा ट्रेड तिथे जमेस धरतात. भाषेसह मोजक्या विषयांची परीक्षा दिली की बारावीचं सर्टिफिकेट मिळतं. आमच्या वर्कशॉपातल्या पोरांना मी हेच सुचवतो, कारण काम सांभाळून ते जमतं. बेळगावच्या राणी चन्नम्मा विद्यापीठाच्या कॉलेजांत मराठी विषयही घेता येतो. टिळकवाडीतल्या आरपीडी कॉलेजात जाऊन विचारा. आणि डिग्री आता पुन्हा तीन वर्षांची आहे. चार वर्षांची पद्धत कर्नाटकाने २०२४ मध्ये मागे घेतली, तेव्हा जुन्या माहितीवर विसंबू नका.

कॉलेजात तोंडी विचारून परत येऊ नका. माहितीपत्रकात "पीयूसी किंवा तत्सम" असं लिहिलेलं असतं. त्या "तत्सम"मध्ये आपला कागद बसतो का, हे अर्ज करून लेखी विचारा, आणि उत्तर हातात आल्यावरच फी भरा. महाराष्ट्र बोर्डाचं मायग्रेशन सर्टिफिकेट निघतानाच काढून आणा, कारण इथे एलिजिबिलिटीच्या, म्हणजे पात्रता तपासायच्या, वेळी ते मागतात. नावाकडेही बघा. तिकडे आडनाव आधी, इकडे कित्येकदा शेवटी किंवा नुसती आद्याक्षरं. दहावी, आयटीआय आणि आधार या तिन्हींवर नाव एकसारखं नसेल तर आताच दुरुस्ती करा. महाराष्ट्रातला जातीचा दाखला इथल्या आरक्षणाला चालत नाही, हे कटू असलं तरी ठाऊक असू द्या.

बीईला गेलात की पहिला घाम गणित फोडतं. व्हीटीयूत, म्हणजे कर्नाटकाच्या इंजिनिअरिंगच्या विद्यापीठात, लॅटरलने येणाऱ्यांना गणिताचे जादा पेपर असायचे. आमच्या वेळी त्यांना मॅटडिप म्हणायचे. क्रेडिट नाही, पण सुटल्याशिवाय डिग्री नाही. मशीनवर मायक्रोमीटर धरणारा हात डिफरन्शिएशनला अडतो, यात लाजण्यासारखं काही नाही. मी अकरावीच्या पुस्तकातून दोन महिने आधी सुरुवात केली होती, आणि वाया गेलेल्या त्या वर्षातलं तेवढंच उपयोगी पडलं. कन्नडची धास्ती मात्र नको. कन्नड न येणाऱ्यांसाठी बळके कन्नड हा वेगळा पेपर आहे, त्यात रोजच्या बोलण्यातलं शिकवतात. ते मनापासून शिका, ऑफिसातली निम्मी कामं त्याने हलकी होतात.

आता सरकारी कोट्याबद्दल, म्हणजे केसीईटीतून कर्नाटकातल्या मुलांना मिळणाऱ्या जागांबद्दल. केसीईटीच्या मुख्य नियमाप्रमाणे पहिली ते बारावीच्या दरम्यान सात वर्षं कर्नाटकात शिकलेलं असावं लागतं, आणि दहावी किंवा बारावी इथलीच हवी. नवीन आलेल्यांना तो बहुधा आडवा येतो. पण आणखी एक कलम आहे, ज्याकडे आपली माणसं बघतच नाहीत: आई किंवा वडील सात वर्षं कर्नाटकात शिकलेले असतील आणि मुलाने दोन्ही पीयूसी इथून केल्या असतील, तरी तो पात्र ठरू शकतो. चंदगड-गडहिंग्लजकडच्या किती घरांत बेळगाव-खानापूरच्या लेकी सुना म्हणून आल्या आहेत! आई शहापूर किंवा खानापूरच्या शाळेत शिकली असेल तर तिच्या शाळेतून स्टडी सर्टिफिकेट काढा. त्यासाठी जून उजाडायची वाट बघू नका. तीस वर्षांपूर्वीचं रजिस्टर माळ्यावरून शोधून काढायला शाळेला दिवस लागतात.