मोटरसायकलचे सुटे भाग घरी रंगवताना

जुन्या स्प्लेंडरची दोन साइड पॅनल आणि चेनकव्हर एवढेच रंगवायचे असेल, तर प्रायमर, रंग आणि क्लिअर लॅकर (रंगावरचा पारदर्शक थर) यांचा 400 मिलीचा एकेक स्प्रे कॅन साधारणपणे पुरतो. पेट्रोलची टाकी मात्र या खर्चात धरू नये, कारण कॅनमधले साधे लॅकर पेट्रोल सांडले की मऊ पडते. ते काम हार्डनर, म्हणजे रंग कडक करणारे रसायन, वापरणाऱ्या पेंटरकडेच द्यावे. रंगही शक्यतो मूळचाच घ्यावा, कारण आरसीवर त्याची नोंद असते.

खरी मेहनत कॅन हाती घेण्याआधीची आहे. भाग उतरवून तो घासण्यापूर्वी भांड्यांच्या साबणाने धुवावा. अगोदर घासला तर वंगण आणि पॉलिश ओरखड्यांत जाऊन बसते आणि पुढे रंगात गोल खळगे पडतात. वाळल्यावर 320 नंबरचा आणि मग 600 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत फिरवावा. पत्र्यावरचा गंज चकाकता धातू दिसेपर्यंत काढावा. प्लॅस्टिकच्या पॅनलला थिनर लावू नये, त्याने प्लॅस्टिक विरघळते. त्यासाठी प्लॅस्टिकचाच प्रायमर घ्यावा. माझ्या मते काटकसर करायचीच तर ती रंगाच्या ब्रँडमध्ये करावी, प्रायमरमध्ये कधीही नाही.

कॅनमधली गोळी खुळखुळू लागल्यावरही दोन मिनिटे तो हलवत राहावा. 20 ते 25 सेंटिमीटर अंतरावरून, भागाच्या बाहेर फवारा सुरू करून पलीकडे बाहेरच थांबवावा. पहिला हात इतका विरळ असावा की खालचा प्रायमर दिसत राहील. पुढचे दोन हात दहा-पंधरा मिनिटांच्या अंतराने द्यावेत. घाई केली की ओघळ येतो, आणि तो ओल्या रंगात पुसण्याऐवजी पूर्ण वाळू देऊन 1000 नंबरच्या पेपरने उतरवणेच बरे.

कोकणातल्या जुलैत हे काम काढू नये. द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर हवेतली वाफ जमते आणि रंगावर पांढुरकी झाक येते. काम उघड्या पण वारा नसलेल्या जागी, सावलीत करावे. आसपास शेगडी किंवा दिवा पेटता नसावा आणि तोंडावर रुमालाऐवजी वाफ अडवणारा मास्क असावा.

काम झाल्यावर कॅन उलटा धरून फक्त हवा येईपर्यंत दाबावा, म्हणजे नोझल तुंबत नाही. भाग हाताला कोरडा लागला तरी आठवडाभर बसवू नये. कच्च्या रंगावर वॉशर आवळला की तेवढ्या गोलातला रंग उखडून येतो.